दाव्याची धास्ती आणि ‘पुढे न्या’ म्हणून पाठवलेली बाई

कृष्णाकाठ

नमस्कार. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी आमचं छोटं प्रसूतिगृह आहे. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत एक गोष्ट हळूहळू बदलत गेली. डॉक्टर आपापसांत तिच्याबद्दल बोलतात, पेशंटसमोर कोणी बोलत नाही. जोखमीची बाई आता गावात ठेवून घेत नाहीत, पुढे पाठवतात.

जोखमीची म्हणजे हिमोग्लोबिन सातवर आलेली, आधीचं सिझर झालेली, बीपी वाढून पायांवर सूज आलेली, वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेली. यांतल्या काहींना खरोखरच मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं. वार खाली असलेल्या बाईला रक्तपेढी नसलेल्या गावात ठेवणं मी कधीच योग्य म्हणणार नाही. पण सगळ्याच तशा नसतात. आधीचं एक सिझर, कळा नीट सुरू झालेल्या, बाळाचे ठोके चांगले, अशी बाई आम्ही पूर्वी ठेवून घ्यायचो. भूलतज्ज्ञांना फोन करून ठेवायचा, रक्ताची पिशवी मागवून ठेवायची आणि लक्ष ठेवून बसायचं. बऱ्याच जणी सुखरूप बाळंत व्हायच्या. आता अशा बाईच्या हातात दारातच चिठ्ठी पडते. जिल्ह्याचं ठिकाण पन्नास-साठ किलोमीटरवर. वाटेत तिचं काय होतं ते चिठ्ठी लिहिणाऱ्याला कळतही नाही.

यामागे कौशल्याचा प्रश्न नाही. नवे डॉक्टर आमच्यापेक्षा चांगले शिकून आलेत. पण प्रत्येकाला मित्रमंडळींतलं कोणीतरी माहीत आहे ज्याच्यावर ग्राहक आयोगात केस चालू आहे, किंवा ज्याच्या दवाखान्याच्या काचा फुटल्यात.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव म्हणजे काय ते थोडं सांगते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त खेळत असतं. वार सुटल्यावर गर्भाशय आवळलं तर ते थांबतं. नाही आवळलं तर आम्ही पोट चोळतो, ऑक्सिटोसिन वाढवतो, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देतो, कार्बोप्रोस्टचं इंजेक्शन देतो. तरी नाही थांबलं तर आत फुगा भरून दाब देतो, मग पोट उघडून टाके घालतो, आणि काहीच चाललं नाही तर गर्भपिशवी काढतो. हे सगळं कधी कधी तासाभरात उरकावं लागतं. बाई बाविशीची असेल, पहिलंच मूल असेल, तर पिशवी काढायचा निर्णय फार जड असतो. त्या वेळी डॉक्टरच्या डोक्यात फक्त ती बाई असायला हवी. पण आज तिथे आणखी एक गोष्ट येऊन बसलेली असते. काढली तर ‘गरज नसताना काढली’ आणि नाही काढली तर ‘वेळेत काढली नाही’. उशीर तिथेच होतो.

मार्च २०२२ मध्ये राजस्थानात दौसा जिल्ह्यातल्या लालसोटला अशाच रक्तस्रावाने एक बाळंतीण गेली. लोकांनी रुग्णालयासमोर ठिय्या दिला, पोलिसांनी डॉक्टरवर थेट खुनाचं कलम लावलं. त्या डॉक्टरनं दुसऱ्या दिवशी आत्महत्या केली. ही बातमी माझ्या पिढीतल्या प्रत्येक स्त्रीरोगतज्ज्ञाच्या मनात घर करून आहे. ती बाळंतीणही गेली होती आणि तिच्यामागे तिची मुलं होती, हेही मला विसरायचं नाही.

या भीतीची किंमत डॉक्टर भरत नाहीत असं मला वाटतं. आम्ही विमा काढतो, तपासण्या वाढवतो, फी वाढवतो आणि निभावून नेतो. ज्या बाईकडे गाडी नाही आणि जिच्या नवऱ्याला शहरातलं कोणी ओळखत नाही, ती किंमत भरते. या चर्चामंचावर वकील आहेत, इंजिनियर आहेत, परदेशातले लोक आहेत आणि पेशंट तर आपण सगळेच आहोत. तुमचे अनुभव लिहा. डॉक्टरांच्या विरोधातलेही लिहा.

रानवारा

ताई, अगदी खरं लिहिलंत. माझ्या भावजयीला सातव्या महिन्यात बीपी वाढल्यावर तीन दवाखान्यांनी हात लावला नाही. तिसऱ्या ठिकाणी तर गाडीतून उतरूही दिलं नाही. ‘इथे सोय नाही’ एवढंच उत्तर. शेवटी सरकारी दवाखान्यानं घेतलं आणि दोघं वाचली. ज्यांनी नाकारलं त्यांच्या पाट्यांवर ‘अतिजोखमीची प्रसूती’ असंच लिहिलेलं होतं.

सुहासिनी

विरोधातलं लिहा म्हणालात म्हणून लिहिते.

माझे वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनसाठी एका खाजगी रुग्णालयात दाखल झाले आणि तिसऱ्या दिवशी गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून त्यांचं पोट फुगत होतं. नर्सला सांगितलं तर ‘गॅस आहे’. रात्री ताप चढला. सकाळी ज्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं ते आले, चार्ट पाहिला, आयसीयूत हलवा म्हणाले आणि निघून गेले. त्यानंतर ते आम्हाला भेटलेच नाहीत. भेटला तो बिलिंगचा माणूस.

वडील गेल्यावर मी आणि भाऊ त्या रुग्णालयात गेलो ते भांडायला नव्हे. काय झालं एवढंच विचारायचं होतं. आतडं फाटलं होतं का? जंतुसंसर्ग होता का? लवकर लक्षात आलं असतं तर वाचले असते का? रिसेप्शनवर सांगितलं, डॉक्टर बाहेरगावी आहेत. कागदपत्रं मागितली तर म्हणाले, ‘कशाला हवीत?’ अर्ज दिला, पोच दिली नाही. शेवटी वकिलाची नोटीस गेल्यावर फाइल मिळाली. त्यात दुसऱ्या दिवशीच्या रात्रीच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातानं, एका ओळीत लिहिलेल्या होत्या. नाडी, बीपी, सगळं ठीक. आम्ही रात्रभर तिथेच होतो. ताप आम्ही हाताने पाहिला होता.

त्यानंतर आम्ही तक्रार केली. मला पैसे नको होते, आजही नकोत. ते डॉक्टर पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून दहा मिनिटं बोलले असते तर आम्ही आयोगाची पायरी चढलो नसतो. मला नंतर कोणीतरी सांगितलं की त्यांना त्यांच्या वकिलानं नातेवाइकांशी बोलायचं नाही असं बजावलं होतं. म्हणजे दाव्याच्या भीतीनं ते गप्प बसले आणि ते गप्प बसले म्हणून आम्ही दावा केला.

न्यायपथ

मी वकील आहे, ग्राहक आयोगासमोर रुग्णांकडूनही उभा राहतो आणि डॉक्टरांकडूनही. थोडी कायद्याची बाजू मांडतो, कारण भीतीतला बराच भाग अर्धवट माहितीतून येतो.

डॉक्टरवर दावा ही १९८६ च्या ग्राहक कायद्याने आणलेली गोष्ट नाही. आपल्याकडचंच जुनं प्रकरण आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाची मांडी मोडली. त्याला टॅक्सीनं पुण्याला आणलं. पुरेशी भूल न देता पाय जोर लावून ओढला, त्या धक्क्यातून तो सावरला नाही, असं न्यायालयांनी मानलं. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ म्हणून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डॉक्टरांची जबाबदारी कायम राहिली. भरपाई होती तीन हजार रुपये. डॉक्टरानं केस घ्यायची की नाही, कोणते उपचार करायचे आणि ते कसे करायचे, या तिन्हींत वाजवी काळजी घ्यावी, हे तत्त्व तिथून आजवर चालत आलंय.

१९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालानं पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २०१९ च्या नव्या कायद्यातून डॉक्टर वगळले गेले असा समज पसरला होता, पण मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तो मान्य केला नाही. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वकिलांना मात्र या कायद्याबाहेर ठेवलं. डॉक्टरांना याचा राग येतो आणि मला तो समजतो. मी स्वतः वकील असून सांगतो, अशिलाचं नुकसान आमच्या निष्काळजीपणामुळेही होतं.

आता तुमच्या भीतीबद्दल. चुकीचा अंदाज म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. त्या परिस्थितीत त्या शाखेतला एखादा जाणता डॉक्टर जे करू शकला असता ते तुम्ही केलं असेल तर तुम्ही दोषी नाही. हे १९५७ च्या इंग्लंडमधल्या ‘बोलम’ निकालापासून चालत आलेलं माप आहे आणि आपली न्यायालयं अजून तेच वापरतात. फौजदारी गुन्ह्यासाठी तर निष्काळजीपणा ठळक, ढोबळ असावा लागतो. ५ ऑगस्ट २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की पोलिसांनी आधी त्या शाखेतल्या, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं निःपक्ष मत घ्यावं आणि सरसकट अटक करू नये. कायद्याच्या भीतीनं हात थरथरत असतील तर शल्यविशारदाला शस्त्रक्रिया नीट करता येणार नाही, हेही त्याच निकालात लिहिलंय. म्हणजे कृष्णाकाठ ताईंचा मुद्दा न्यायालयानं वीस वर्षांपूर्वी ओळखला होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू आहे. इतरांना निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना घडल्यास दोन वर्षांपर्यंत. पण जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये कैद किंवा दंड किंवा दोन्ही असं होतं, नव्यात कैद आणि दंड असं आहे. सुटका झाली असं कोणी समजू नये.

माझ्या पाहण्यात डॉक्टर निकालाला घाबरत नाहीत, निकालापर्यंतच्या वर्षांना घाबरतात. कायदा म्हणतो की तक्रार साधारण तीन महिन्यांत निकाली निघावी. प्रत्यक्षात किती वर्षं जातात ते सुहासिनीताई सांगतील. तेवढी वर्षं दोन्ही बाजू जळत राहतात.

कृष्णाकाठ

सुहासिनी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वडिलांबद्दल फार वाईट वाटलं. तुम्हाला फाइल देणं ही त्या रुग्णालयाची मेहेरबानी नव्हती. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायलाच हवेत. आमच्या संघटनेच्या बैठकांत हा नियम किती जणांना माहीत आहे असं विचारलं तर फार कमी हात वर होतात.

न्यायपथ, संमतीच्या कागदाबद्दल तुम्हाला विचारायचंच होतं. आमच्याकडे ऑपरेशनआधी जो फॉर्म भरून घेतात तो बहुतेक ठिकाणी इंग्रजीत छापलेला असतो. त्याखाली नवऱ्याकडून त्याच्या हस्ताक्षरात लिहून घेतात, ‘मला सर्व धोके समजावून सांगितले आहेत. पेशंटचे काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत.’ हे वाक्य लिहून घेताना मी लोकांचे चेहरे पाहिलेत. पेन घट्ट धरलेलं, आत बायको कळा देतेय, आणि नर्स ‘ब-रे-वा-ई-ट’ असं अक्षर-अक्षर सांगतेय. त्या क्षणी त्या माणसाचा आमच्यावरचा विश्वास निम्मा होतो. आणि सही बाईची घेतच नाहीत, तिच्या नवऱ्याची नाहीतर सासऱ्याची घेतात. शरीर तिचं आहे.

न्यायपथ

त्या वाक्याला कोर्टात काडीची किंमत नाही. निष्काळजीपणाची जबाबदारी आधीच लिहून टाकता येत नाही. उलट असा कागद समोर आला की आयोगाचे सदस्य विचारतात, धोके समजावले म्हणता, पण कोणते ते लिहिलंय कुठे?

२००८ च्या ‘समीरा कोहली’ प्रकरणात हे नीट सांगितलंय. बाई तपासणीसाठी भुलेखाली होती, तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले. जिवाला तातडीचा धोका नव्हता. हातून शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती, तरी डॉक्टर जबाबदार ठरल्या. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईची संमती तिचीच हवी. तुमच्या फॉर्ममध्ये आजार काय, काय करणार, पर्याय काय, नेहमीचे धोके कोणते आणि काही न केल्यास काय होईल, एवढं तिला कळेल अशा मराठीत असू द्या. ‘रक्तस्राव थांबला नाही तर जीव वाचवण्यासाठी गर्भपिशवी काढावी लागू शकते’ हे वाक्य आधीच वाचून दाखवलेलं असेल तर त्या रात्रीचा तुमचा निर्णय हलका होईल.

जीव धोक्यात असेल आणि संमती मिळणं शक्य नसेल तर थांबू नका. १९८९ च्या ‘परमानंद कटारा’ निकालानं आधी जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य ठरवलंय, पोलिसी सोपस्कार नंतर.

टेकू

धागा डॉक्टरांचा आहे, पण विचारलंय म्हणून लिहितो. मी मुंबईत संरचना अभियंता आहे, जुन्या इमारतींची तपासणी करतो. तीस वर्षांवरच्या इमारतींना ही तपासणी लागते. अहवालात इमारतीला दर्जा द्यावा लागतो. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक, रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ.

१४ मार्च २०१९ ला मुंबईतल्या सीएसएमटी स्थानकाजवळचा पादचारी पूल कोसळून सात जण गेले. तो पूल ठीक आहे असा अहवाल देणाऱ्या सल्लागाराला अटक झाली. माणसं गेली होती, चौकशी व्हायलाच हवी होती, त्यात दुमत नाही. पण त्यानंतर आमच्या क्षेत्रात पेन उचलताना हात आखडू लागले. सी-२बी म्हणता येईल अशा इमारतीला सी-१ लिहिलं तर अभियंत्यावर कधीच खटला होत नाही. इमारत पाडली जाते, ती टिकली असती हे सिद्ध करणारं काही उरतच नाही. पण त्या कागदापायी चाळीस कुटुंबं संक्रमण शिबिरात नाहीतर लांबच्या उपनगरात भाड्यानं जातात आणि कित्येक वर्षं परत येत नाहीत. पागडीवाल्या भाडेकरूंना तर मालकाचा यात हात आहे अशीच शंका येते, आणि काही वेळा ती खरीही असते.

आमच्याकडे एक गोष्ट मात्र बरी आहे. मालकाचा अहवाल एक सांगतो आणि रहिवाशांचा दुसरा, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. जाणकार लोक दोन्ही अहवाल वाचतात, गरज पडली तर कॉंक्रीटचे नमुने काढून पुन्हा चाचणी होते. यालाही वेळ लागतो, पण पोलीस येण्याआधी तांत्रिक प्रश्न तांत्रिक माणसांपुढे जातो. डॉक्टरांकडे मृत्यूनंतर लगेच, नातेवाइकांना बसवून, असं काही होतं का?

रातपाळी

टेकू, असं काही होत असतं तर बरं झालं असतं. सरकारी तज्ज्ञांची समिती बसते ती पोलिसांनी विचारल्यावर. तिथे कागद वाचले जातात, पण नातेवाइकांच्या वाट्याला शेवटी अहवालाची एक ओळ येते.

मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रसूती विभागात निवासी डॉक्टर आहे. कृष्णाकाठ मॅडम ज्या बायांबद्दल लिहितायत त्या रात्री दोन-अडीचला आमच्याकडे उतरतात. एका खाटेवर दोघी असतात, तिसरी जमिनीवर गादी टाकून. मला चिठ्ठीबद्दल सांगायचंय.

परवा एक बाई १०८ रुग्णवाहिकेतून आली. बीपी १७०/११०, डोकं दुखतंय, डोळ्यांसमोर अंधारी. हातातल्या चिठ्ठीवर नाव, वय आणि ‘हाय रिस्क, हायर सेंटरला पाठवत आहे’ एवढंच. अशा बाईला झटका म्हणजे फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. पहिला डोस मोठा असतो. आधीच्या दवाखान्यानं तो दिला असेल आणि मी पुन्हा दिला तर श्वास मंदावू शकतो. दिला नसेल आणि मी थांबले तर झटका येतो. चिठ्ठीवर त्याचा उल्लेख नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘दोन सुया टोचल्या कमरेत.’ त्यावरून अंदाज बांधायचा. मी गुडघ्यावर हातोडी मारून रिफ्लेक्स पाहिले, श्वास मोजले, लघवी मोजली आणि त्यावर ठरवलं. त्या दवाखान्याला फोन लावला तर उचलला नाही.

मी नंतर तिथल्या एका ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, लिहीत का नाही? ते म्हणाले, लिहिलं की आपण उपचार केले असं होतं, आणि उपचार केले की काही झालं तर नाव येतं. म्हणजे इंजेक्शन दिलंय, योग्य दिलंय, पण लिहायची भीती. मला यापेक्षा धोकादायक काही माहीत नाही.

पैलतीर

मी अमेरिकेत मिशिगनमध्ये परिचारिका आहे, माहेर सातारचं. इथे दाव्यांची भीती किती मुरलेली आहे ते सगळ्यांना माहीत आहे. २००५ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या जोखमीच्या शाखांमधल्या डॉक्टरांची पाहणी झाली होती. ९३ टक्के डॉक्टरांनी कबूल केलं की ते दाव्याच्या भीतीनं जास्तीच्या तपासण्या करतात किंवा अवघड पेशंट टाळतात. भरपाईवर मर्यादा हा इथला नेहमीचा उपाय. कॅलिफोर्नियानं १९७५ मध्ये आणि टेक्सासनं २००३ मध्ये वेदना-यातनांच्या भरपाईवर अडीच लाख डॉलरची मर्यादा घातली. त्यानं विम्याचे हप्ते आटोक्यात येतात, पण ज्याचं मूल गेलं त्याला काय झालं हे कोणी सांगायला येत नाही.

मला मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांबद्दल सांगायचंय. त्यांनी २००१ पासून वेगळी वाट धरली. काही विपरीत घडलं की रुग्णालयानं स्वतः चौकशी करायची, कुटुंबाला बोलावून काय झालं ते सांगायचं. आपली चूक असेल तर माफी मागून भरपाई देऊ करायची, चूक नसेल तर तेही समजावून सांगायचं आणि कोर्टात ठामपणे लढायचं. वकिलांना वाटत होतं दाव्यांचा पूर येईल. २०१० मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. एक लाख रुग्णभेटींमागे नवे दावे सातवरून साडेचारवर आले, निकालाला लागणारा वेळ आणि खर्चही उतरला.

इथल्या बहुतेक राज्यांत असा कायदाही आहे की डॉक्टरनं व्यक्त केलेलं दुःख किंवा सहानुभूती कोर्टात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. सुहासिनीताईंचं वाचताना हेच मनात येत होतं.

सुहासिनी

पैलतीर, धन्यवाद. हे वाचून बरं वाटलं आणि त्रासही झाला.

पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. या धाग्यावर भीती वाईट, भीती वाईट असं सगळे म्हणतायत. भीती नसती तर मला फाइल मिळाली असती का? वकिलाच्या नोटिशीनंच मिळाली ना? आणि सगळं काही भीतीच्या खाती टाकू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत खाजगी रुग्णालयांत ४७ टक्के प्रसूती सिझरने झाल्या, सरकारीत १४ टक्के. सरकारी डॉक्टरांवरही गुन्हे दाखल होतात, त्यांनाही मारहाण होते. मग ते का एवढी सिझर करत नाहीत? दाव्याच्या भीतीमागे बिलाचा विचार दडलेला नसतो का?

कृष्णाकाठ

असतो. पैशासाठी होणारी सिझर आहेत आणि त्यांना ‘रिस्क नको’ हे नाव देणं सोपं जातं, हे मी माझ्याच व्यवसायाबद्दल लिहिते. अवघड बाया सरकारीतून खाजगीकडे येतात असंही नाही, उलटच होतं. तरी खाजगी छोट्या दवाखान्यात एक गोष्ट वेगळी असते. तिथे रात्री डॉक्टर एकटा असतो. सरकारी रुग्णालयात रातपाळीला चार-पाच जण, भूलतज्ज्ञ आवारातच, रक्तपेढी खाली. त्यामुळे थांबून वाट पाहणं त्यांना जमतं. एकट्या माणसाला थांबायची भीती वाटते आणि सिझर करून मोकळं व्हावंसं वाटतं. पैसा आणि भीती दोन्ही एकाच बाजूला ओढतात, म्हणून तो आकडा एवढा फुगतो.

आणि तुमची नोटीस योग्यच होती. ग्राहक आयोग नको असं मी कधीही म्हणणार नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्कही लागत नाही. गरीब माणसाला दुसरं कोणतं दार उघडं आहे? माझं भांडण त्या दाराशी नाही. ते दार ठोठवायची वेळ येऊ नये म्हणून जे आम्ही करायला हवं ते आम्ही भीतीपोटी करत नाही, त्याच्याशी आहे.

न्यायपथ, एक थेट प्रश्न. बाई गेली, मी नवऱ्याला बसवून सांगितलं की रक्तस्राव आवरला नाही, अमुक वेळी अमुक दिलं, रक्त यायला चाळीस मिनिटं लागली, मला फार वाईट वाटतंय. हे माझ्यावर उलटेल का?

न्यायपथ

पैलतीर म्हणतात तसं संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. पण घडलेली हकीकत वेळेसकट सांगणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, दुःख व्यक्त करणं तर नाहीच. तुम्ही जे सांगाल ते तुमच्या नोंदींशी जुळलं पाहिजे, म्हणून आधी नोंदी पूर्ण करा. मागाहून काही लिहावं लागलं तर लिहिण्याची खरी वेळ टाका आणि ‘उशिरा केलेली नोंद’ असं स्पष्ट लिहा. सुहासिनीताईंच्या फाइलमधल्या त्या एका शाईतल्या ओळी डॉक्टरांविरुद्ध कुठल्याही साक्षीदारापेक्षा जास्त बोलतात.

एक सावधगिरी. बहुतेक विमा पॉलिसींत विमा कंपनीला विचारल्याशिवाय जबाबदारी मान्य करू नये अशी अट असते. ती वाचून ठेवा. ‘माझ्यामुळे गेली’, ‘भरपाई देते’ असली वाक्यं टाळा. ‘काय झालं ते मी सांगते, तुम्ही विचारा’ यावर कोणत्याही पॉलिसीची बंदी नाही. जे वकील डॉक्टरांना नातेवाइकांशी अजिबात बोलू नका म्हणतात ते केस वाढवतात.

रातपाळी

मॅडम, तुमच्या तालुक्यातल्या संघटनेत हे मांडता आलं तर बघा. चिठ्ठीवर पाच गोष्टी असू द्या. शेवटचं बीपी आणि ते कधी मोजलं, रक्तगट आणि हिमोग्लोबिन, कोणतं औषध किती वाजता दिलं, बाळाचे ठोके, आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. निघण्याआधी आमच्या लेबर रूमला फोन आला तर मी रक्त मागवून ठेवू शकते. कोणी पाठवलं म्हणून आम्ही कोणाला दोष देत नाही. न सांगता पाठवलं की बाई मरते.

कृष्णाकाठ

मांडते. पुढच्या महिन्यात आमची बैठक आहे. चिठ्ठीचा एक छापील नमुना करून नेते, वरच्या पाचही गोष्टींसह. संमतीपत्राचा मराठी मसुदा मी इथे टाकेन. न्यायपथ, कायद्याच्या बाजूनं तुम्ही तपासाल का? त्यात बाईच्याच सहीची जागा असेल. मृत्यू झाला तर त्याच दिवशी नातेवाइकांना कोण भेटणार, हेही आमच्या दवाखान्यात ठरवून भिंतीवर लावतोय. ते काम बिलिंगच्या माणसाचं नाही.

सुहासिनी

मसुदा टाका, मी वाचते. वैद्यकीय शब्द मला कळत नाहीत, त्यामुळे जिथे अडेन तिथे खूण करून देईन. माझी आईही वाचेल. वडिलांच्या वेळी सही तिनेच केली होती.